आकडे बरोबर आहेत, तरी कोरल का मिटतंय?

डोंबिवलीहून एकांनी विचारलंय. तीन बाय दीड बाय दीड फुटांचा रीफ टँक (खाऱ्या पाण्याचा, कोरल म्हणजे प्रवाळ वाढवायचा), खाली संप, म्हणजे पाणी गाळायची दुसरी टाकी, सुरू करून अकरा महिने झाले. आत क्लाउनफिशची जोडी, एक क्लीनर श्रिम्प (छोटी कोळंबी), आणि कोरलमध्ये झोअँथिड, लेदर, दोन तोंडांचं हॅमर आणि अ‍ॅक्रोपोराचा एक तुकडा. महिनाभर हॅमर अर्धंच फुलतंय, अ‍ॅक्रोपोराची टोकं पांढरी पडलीत, वाळूवर तपकिरी शेंबडासारखे धागे येतात आणि त्यांच्या टोकाला बुडबुडे लटकलेले असतात. आकडे असे: तापमान २६, सॅलिनिटी (खारेपणा) १.०२५, कॅल्शियम ४३० पीपीएम (दशलक्षात इतके भाग), नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य, अल्कलिनिटी (पाण्यातला कार्बोनेट-बायकार्बोनेटचा साठा, डीकेएच या एककात) ‘कधी ७.५, कधी ११’. पाणी महिन्यातून एकदा ४० टक्के बदलतात. दुकानदाराने आतापर्यंत पाच बाटल्या दिल्यात. आणि शेवटी प्रश्न, मँडरिन मासा आणू का?

त्या पाच बाटल्या आधी कपाटात ठेवा. फेकू नका, पैसे मोजलेत, पण महिनाभर झाकण उघडू नका.

मी ठाण्यात सोळा वर्षं खाऱ्या पाण्याचे टँक सांभाळतोय, स्वतःचे आणि दुसऱ्यांचेही. आजारी म्हणून दाखवलेल्या बहुतेक टँकमध्ये मला चुकीचा आकडा सापडत नाही, हलणारा आकडा सापडतो. तुमच्या यादीत मला खटकलेला शब्द एकच: ‘कधी’. अल्कलिनिटी कायम ७.५ असती तर मी काही बोललो नसतो. कायम १० असती तरी फार बोललो नसतो. कोरल दोन्हींत जगतं. महिन्यात चारदा साडेसातावरून अकरावर चढ-उतार झाली, की ते मिटतं.

हा झोका कुठून येतो ते बघू. कोरल आपला सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा बांधतं. त्यासाठी पाण्यातून दोन गोष्टी उचलतं, कॅल्शियम आणि अल्कलिनिटी, पण त्यांचं प्रमाण ठरलेलं आहे: अल्कलिनिटी २.८ डीकेएच उतरते तेव्हा कॅल्शियम फक्त २० पीपीएम उतरतं. म्हणजे ४३० चं ४१० झालं. घरगुती किटवर एवढा फरक धड कळतही नाही. त्याच वेळी अल्कलिनिटी मात्र १० वरून ७.२ वर आलेली असते. म्हणून ‘कॅल्शियम छान आहे’ या वाक्याला मी किंमत देत नाही. रोज मोजायची ती अल्कलिनिटी. कॅल्शियम पंधरा दिवसांनी, मॅग्नेशियम महिन्याने. ते १२५० ते १३५० च्या मध्ये असलं की विसरून जा.

आता तुमचं ४० टक्के पाणी. बाजारात रीफसाठी मिळणाऱ्या काही मिठांचं ताजं पाणी ११-१२ डीकेएच भरतं, कारण ती मिठं भरपूर कोरल असलेल्या टँकसाठी जोरकस बनवलेली असतात. टँकमध्ये ७.५, बादलीत ११.५. चाळीस टक्के बदललं की एका तासात टँक ९.१ वर. त्यात तुम्ही ‘कमी दिसतंय’ म्हणून बफरची, म्हणजे अल्कलिनिटी वाढवणारी, बाटली ओतलेली. झालं अकरा. मग पंधरा दिवस हळूहळू घसरण, पुन्हा घाबरून बाटली. अ‍ॅक्रोपोराची टोकं जळतात ती अशीच, आणि पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट शून्य असेल तर फार लवकर जळतात. मी स्वतः एकदा रविवारी संध्याकाळी सातची अल्कलिनिटी एका दमात दहावर नेली होती, ‘आज सुट्टी आहे, करून टाकू’ म्हणून. गुरुवारपर्यंत चार वर्षं वाढवलेल्या वसाहतीची टोकं उघडी पडली होती. पाण्यात त्या दिवशी एकही आकडा ‘चुकीचा’ नव्हता.

तेव्हा आता एवढं करा. तीन दिवस काहीही घालू नका, पाणी बदलू नका. रोज एकाच वेळी, समजा रात्री नऊला, अल्कलिनिटी मोजा आणि वहीत लिहा. मोबाईलमध्ये नको, टँकशेजारी दोरीने बांधलेली वही हवी, ओल्या हातानेही लिहिता येते. मोजताना सिरिंज प्रत्येक वेळी सारखीच भरा. टोकाशी हवा राहिली तर आकडा सरकतो. पिस्टनची कोणती कड वाचायची ते किटच्या कागदावर असतं, ती एकच कड कायम वाचा. शेवटचे थेंब एकेक करून, बाटली हलवत टाका. रंग पालटायला लागला की घाई होते आणि दोन थेंब जास्त पडतात, माझेही पडतात. रंग पांढऱ्या कागदावर धरून बघा, ट्यूबलाइटच्या उजेडात, टँकच्या निळ्या उजेडात नको. किट थोडं चुकीचं असेल तरी चालेल, दररोज सारखंच चुकीचं असलं म्हणजे झालं.

तीन दिवसांत जेवढी घसरण होते तिला तीनाने भागा. तो तुमच्या टँकचा रोजचा खर्च. समजा अर्धा डीकेएच निघाला. काठोकाठ भरली तर तुमच्या टाकीत १९१ लिटर मावतात. दगड-वाळूची जागा वजा आणि संप जमा, एकूण २०० धरा. शंभर लिटरला एक डीकेएच वाढवायला ३ ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट लागतं, म्हणजे आपला खाण्याचा सोडा. बेकिंग पावडर नव्हे, तिच्यात आणखी बरंच काही असतं. दोनशे लिटरला अर्धा डीकेएच म्हणजे तेच ३ ग्रॅम. त्याच्या जोडीला कॅल्शियम परत द्यायला साधारण २.६ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट. दोन्ही वेगवेगळ्या बाटल्यांत, शुद्ध पाण्यात विरघळवून, एक सकाळी आणि एक रात्री, संपमध्ये पाणी खळाळतं तिथे हळूहळू. एकत्र ओतलीत तर पांढरा ढग होईल आणि दोन्ही वाया जातील. आणि लक्ष्य ठरवताना हावरेपणा नको. आज जिथे आहे तिथेच आठवडाभर टिकवून दाखवा. मग हवं तर आठावर न्या, दिवसाला पाव डीकेएचने. पाणी बदलायचं ते दर आठवड्याला १० टक्के, म्हणजे दहा लिटरच्या दोन बादल्या. बादलीतल्या पाण्याचीही अल्कलिनिटी एकदा मोजून ठेवा.

काही जण टॉप-अपच्या, म्हणजे उडालेल्या पाण्याच्या जागी घालायच्या, पाण्यातून चुन्याची निवळी देतात. उत्तम पद्धत आहे, मीही वापरतो. पण पानाच्या डबीतला चुना नको, खाद्य दर्जाचं कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणा. संपृक्त निवळी एक लिटर घातली तर २०० लिटरची अल्कलिनिटी जवळपास ०.६ डीकेएचने वाढते, कॅल्शियमसकट. थेंबथेंबच द्यावी लागते, कारण तिचा पीएच १२.४ च्या घरात असतो. यात आपल्या हवेची एक गोम आहे आणि परदेशी व्हिडिओ बघून टँक लावणाऱ्यांना ती कोणी सांगत नाही. निवळी किती जाणार हे बाष्पीभवन ठरवतं. मे महिन्यात पंख्याखालच्या टँकमधून दिवसाला तीन लिटर पाणी उडतं, तीन लिटर निवळी जाते. मृगाचा पाऊस सुरू झाला, हवा ओलीचिंब झाली, की उडणारं पाणी निम्म्यावर येतं आणि निवळीही निम्मी. तुम्ही काहीच बदललेलं नसतं, आणि जूनच्या तिसऱ्या आठवड्यात अल्कलिनिटी घसरलेली असते. ‘पावसाळ्यात कोरल रुसतात’ असं एक जुने दुकानदार म्हणायचे, त्यामागे हे असणार. पावसाळ्यात मी निवळीवर विसंबत नाही, कमी पडलेला भाग सोड्याने भरतो.

आता ते तपकिरी धागे. वर्णनावरून ते डायनोफ्लॅजेलेट (एकपेशीय सूक्ष्मजीव) असावेत, नेहमीचं शेवाळ नव्हे. खात्री करायला सोपी युक्ती आहे. थोडे धागे पाण्यासकट बरणीत घ्या, जोरात हलवा, कागदी नॅपकिनमधून गाळा आणि गाळलेलं पाणी उजेडात ठेवा. तास-दीड तासात स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात पुन्हा धागे जमले तर डायनोच. हे आले, कारण तुम्ही नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आणलंत. पाच बाटल्यांतली निदान एक फॉस्फेट शोषणारी असणार, आणि संपमध्ये त्याची पिशवीही असेल. नव्या टँकवाल्यांना शून्य हा आकडा फार आवडतो, परीक्षेत पैकीच्या पैकी मिळाल्यासारखा. पण कोरलच्या अंगातल्या शैवालालाही खत लागतं, आणि भुकेल्या टँकमध्ये बाकीचे सूक्ष्मजीव मागे पडले की मोकळी जागा डायनो पटकावतात. पिशवी काढा. माशांना दिवसातून दोनदा नीट खायला द्या. नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ च्या आसपास टिकलं पाहिजे. महिना-दीड महिना जाईल, मध्ये एकदा धागे वाढल्यासारखेही वाटतील. दिवे बंद असताना वाळूवरचा थर पाइपने ओढून गाळायच्या बारीक मोज्यातून (फिल्टर सॉक) गाळा आणि पाणी परत संपमध्ये सोडा. डायनो जाईपर्यंत आठवड्याचं १० टक्केसुद्धा थांबवलंत तरी चालेल. ताजा अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन ठेवा, कारण काही डायनो विषारी असतात, गोगलगायी मरायला लागल्या तर तेच समजा.

दगड बाहेर काढून ब्रशने घासण्याचा किंवा उकळत्या पाण्यात घालण्याचा मोह मात्र टाळा. तुमच्याकडे झोअँथिड आहेत. त्यांच्यातल्या काही जातींत, विशेषतः पॅलिथोआत, पॅलिटॉक्सिन नावाचं जबर विष असतं. दगड उकळून त्याची वाफ श्वासात गेल्याने घरातली माणसं इस्पितळात पोचल्याच्या घटना घडलेल्या आहेत. झोअँथिड कापताना, हलवताना हातमोजे आणि चष्मा, हातावर जखम असेल तर कामच नको. ही एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

तापमान २६ लिहिलंय. कधी मोजलंत? माझा अंदाज, रात्री जेवणानंतर, एसी लावून टँकसमोर बसल्यावर. दुपारी तीनला घर बंद असतं तेव्हा बघा. किमान-कमाल लक्षात ठेवणारा डिजिटल थर्मामीटर मिळतो, तो आठवडाभर लावा. डोंबिवलीतल्या मे महिन्यात मला ३१ दिसला तर नवल वाटणार नाही. समुद्रातही प्रवाळाची सहनशक्ती इतकीच बारीक असते: उन्हाळ्याच्या नेहमीच्या कमाल तापमानाच्या वर एखादी डिग्री काही आठवडे राहिली, की अंगातलं शैवाल बाहेर टाकून ते पांढरं पडतं. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ साली हेच झालं. २५ ते २७ मध्ये कुठेही चालेल, फक्त दिवसभरात एका डिग्रीपेक्षा जास्त हलू देऊ नका. पाण्यावर पंखा लावला की दोनेक डिग्री उतरतात, पण ते पुण्या-नाशिकच्या कोरड्या हवेत छान जमतं. आपल्याकडे जूनमध्ये पंखा नुसता फिरतो. अ‍ॅक्रोपोरा ठेवायचंच असेल तर चिलर (पाणी थंड करायचं यंत्र) घ्या, आणि तो टँकखालच्या बंद कपाटात नको, गरम हवा तिथेच घुमत राहते.

सॅलिनिटी काट्याच्या प्लॅस्टिक हायड्रोमीटरवर मोजली असेल तर १.०२५ हा आकडा मी विसरून जातो. काट्याला एक बुडबुडा चिकटला तरी तो खोटं बोलतो. रिफ्रॅक्टोमीटर (पाण्याच्या थेंबातून उजेड किती वळतो त्यावरून खारेपणा दाखवणारं उपकरण) घ्या आणि तो ३५ पीपीटीच्या (हजारात ३५ भाग मीठ) प्रमाणित द्रावणावर जुळवा, साध्या पाण्याच्या शून्यावर नव्हे. ऑटो टॉप-अप (उडालेलं पाणी आपोआप भरून काढणारं यंत्र) नसेल तर आधी तो लावा, दिवा नंतर बदला. उडतं ते पाणी, मीठ मागेच राहतं. मे महिन्यात चार दिवस गावी गेलात, बारा लिटर उडाले, ३५ चे ३७ होतात.

बरेच जण हळूच विचारतात म्हणून सांगतो: मिठागराचं मीठ का नाही चालत? तेही समुद्राचंच ना? वसईला किंवा उरणला मिठागर बघितलं असेल तर लक्षात येईल. खाचरातलं पाणी आटताना आधी जिप्सम खाली बसतं, म्हणजे कॅल्शियम गेलं. मग मीठ धरतं. उरलेलं कडवट पाणी, ज्यात मॅग्नेशियम असतं, ते काढून टाकतात. हातात येतं ते जवळपास नुसतं सोडियम क्लोराइड. आणि समुद्राचं पाणी थेट आणायचं तर जुहू-वर्सोव्याच्या किनाऱ्यावर सांडपाणी मिसळलेलं असतं, पावसाळ्यात खाडीच्या गोड्या पाण्याने ते फिकटही होतं. मीठ विकतचंच घ्या.

त्यात घालायचं पाणी कुठलं हे तुम्ही लिहिलं नाही. स्वयंपाकघरातल्या आरओचं असेल तर सावध. आपल्याकडच्या बऱ्याच घरगुती आरओत चव यावी म्हणून टीडीएस (विरघळलेले क्षार) कंट्रोलर किंवा मिनरल कार्ट्रिज असतं, म्हणजे गाळलेल्या पाण्यात पुन्हा थोडं कच्चं पाणी किंवा क्षार मिसळले जातात. पिण्याला उत्तम, रीफला नाही. सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येत असेल तर त्यात काय काय येतं ते देव जाणे. आरओनंतर उरलेले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनची नळी जोडा, टीडीएस मीटर शून्य दाखवेपर्यंत पाणी वापरू नका. एक-दोन दिसायला लागलं की रेझिन बदला.

तुमचा श्रिम्प जिवंत आहे ही चांगली खूण आहे. त्याची काळजी म्हणून एक विचारतो, टँकच्या खोलीत डासांचं लिक्विड मशीन लावता का? त्यातली औषधं पायरेथ्रॉइड जातीची असतात, माणसाला फारशी जाचत नाहीत, पण कोळंबीच्या कुळाला आणि माशांनाही अगदी थोडी पुरतात. आणि हवेचा पंप खोलीतली हवा थेट पाण्यात ढकलतो. आमच्या इमारतीत एका कंपनीने जिन्यात फवारणी केली होती, मला पत्ता नव्हता. संध्याकाळी दोन श्रिम्प आडवे, खेकडे दगडाबाहेर. मासे वाचले. तेव्हापासून टँकच्या खोलीत जाळ्या, आणि फवारणीच्या दिवशी हवेच्या पंपाची नळी खिडकीबाहेर.

वीज गेल्यावर लोक तापमानाची चिंता करतात, आधी संपतो तो ऑक्सिजन. २७ डिग्रीच्या खाऱ्या पाण्यात तो मुळातच लिटरला साडेसहा मिलिग्रॅमच्या आसपास मावतो. घरच्या इन्व्हर्टरवर एक वेव्हमेकर (पाणी ढवळणारा पंप) टाकला तरी पुरे, दिवे आणि स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) बंद राहू देत. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवरचा हवेचा पंप ठेवा. टँकच्या सगळ्या प्लगना ३० मिलीअँपियरचं आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) हवंच, खारं पाणी आणि वायर यांच्यात दुसरं काही मध्ये नसतं.

अ‍ॅक्रोपोराचा तुकडा आणि हॅमर कुठून घेतलं? दोन्ही कठीण प्रवाळ. भारतीय समुद्रातलं कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत, आहे, मेलेला तुकडासुद्धा. परदेशातून आलेल्यांना साइट्सची (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार) कागदपत्रं लागतात, आणि २०२४ च्या नियमांनुसार अशा जिवांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करायची असते. दुकानदार ‘कागद काही लागत नाहीत’ म्हणाला तर दुकान बदला. लाइव्ह रॉकचंही (जिवाणू-जिवांनी भरलेला समुद्रातला दगड) तसंच. कोरडा किंवा कृत्रिम दगड घ्या, वर्षभरात तोही जिवंत होतो. क्लाउनफिश भारतात हॅचरीत तयार होतात, ते समुद्रातून पकडलेल्यांपेक्षा चिवट असतात आणि पहिल्या दिवसापासून तयार खाद्य खातात.

हॅमरला हात लावू नका, जागा बदलू नका. झोत थेट अंगावर येत असेल तर वेव्हमेकर थोडा वळवा, त्याची बोंडं हळू डुलली पाहिजेत, फडफडता कामा नये. आठवड्यातून एकदा कोळणीकडची ताजी कोळंबी सोलून, बारीक चिरून, धुऊन तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा तोंडाशी द्या. गोठवलेली पाकिटातली नको, तिच्यावर बऱ्याचदा फॉस्फेट मारलेलं असतं आणि तुम्हाला फॉस्फेट तसं वाढवायचं नाहीये. अ‍ॅक्रोपोरा बहुधा जाईल. जिथे मांस सुटलंय तिथून दोन सेंटिमीटर खाली, जिवंत भागात कापून बघा. खालचा भाग टिकला तर वाचलं.

मँडरिन आता नको. तो दिवसभर दगडांवरून कोपेपॉड (ठिपक्याएवढे कवचधारी जीव) टिपत फिरतो, तयार खाणं क्वचितच घेतो, आणि दोनशे लिटरच्या अकरा महिन्यांच्या टँकमधले कोपेपॉड तो काही आठवड्यांत संपवतो. मग पोट खपाटीला जातं. दिवे बंद झाल्यावर तासाभराने टॉर्च घेऊन काचेजवळ बसा. काचेवर, दगडाच्या कडांवर पांढरे ठिपके झटके देत पळताना दिसतात का बघा. आज तुम्हाला चार-पाच दिसतील. नजर टाकाल तिथे दिसायला लागले, मोजता येईनासे झाले, आणि तशीच परिस्थिती सहा महिने टिकली, की पुन्हा विचारा.